ऋण, बळी आणि क्षमा



ख्रिस्ती धर्मातील बलिदान आणि पापक्षमा या विषयावर बोलायला मी उभा राहिलो, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी ख्रिस्ती नाही आणि पंडितही नाही. आठवीनंतर शाळा सुटली, लेथवर हात काळे झाले आणि पुढे कामगार संघटनेचे काम गळ्यात पडले ते आजतागायत. जे काही वाचले ते आपल्याच नगर वाचनालयात, संध्याकाळी दिवे लागल्यावर. तेव्हा माझ्या बोलण्यात शास्त्रार्थ कमी आणि हिशेब जास्त असला, तर तो माझ्या धंद्याचा दोष समजावा.

या विषयाकडे मी वळलो तो एका बैठकीमुळे. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमचा संप चालू होता. चौतिसाव्या दिवशी आमच्यातलाच एक जण आत गेला. नुसता कामावर गेला असता तर पोटासाठी गेला असे म्हणून आम्ही गप्प बसलो असतो. पण त्याने मालकाच्या बाजूने साक्ष दिली आणि त्या साक्षीवर दुसऱ्या एका कामगाराची नोकरी गेली. आम्ही त्याच्याशी बोलणे टाकले. चार वर्षांनी तो संघटनेच्या कचेरीच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चुकलो. मला परत घ्या."

बैठक बसली. कोणी म्हणाले, पाच हजार दंड घ्या आणि प्रकरण मिटवा. कोणी म्हणाले, माणूस हात जोडून आला आहे, दंड कसला, सोडून द्या. आमचे एक वयस्कर सहकारी होते, दर रविवारी न चुकता चर्चला जाणारे. ते एरवी फारसे बोलत नसत. त्या दिवशी ते म्हणाले, "दंड घेऊन सोडलेत तर ती क्षमा नव्हे, विक्री झाली. आणि फुकट सोडलेत, तर ज्याची नोकरी गेली त्याच्या वतीने सोडणारे तुम्ही कोण?" कोणालाच उत्तर सुचेना. बैठक तहकूब झाली. मी मात्र त्या प्रश्नाच्या मागे लागलो, आणि मागे जाता जाता थेट जेरुसलेमच्या मंदिरापर्यंत जाऊन पोचलो.

ख्रिस्ताच्या क्रुसाचा अर्थ कळायचा तर सुरुवात तिथूनच करावी लागते. क्रुसाला बलिदान म्हणणारी पहिली माणसे यहुदी होती आणि बळी म्हणजे काय हे त्यांना त्या मंदिराने शिकविले होते. 'लेवीय' नावाच्या ग्रंथात होमार्पण, अन्नार्पण, शांत्यर्पण, पापार्पण आणि दोषार्पण असे बळींचे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यातील दोन गोष्टी माझ्यासारख्या माणसाच्या नजरेत चटकन भरतात.

पहिली अशी की, तेथे ऐपतीचा विचार आहे. ज्याला कोकरू परवडत नाही त्याने दोन पारवे किंवा कबुतराची दोन पिल्ले आणावीत. तेही जमत नसेल तर थोडे सपीठ आणावे. गरिबाला देवाच्या दारातून परत पाठवायचे नाही. येशूच्या जन्मानंतर त्याच्या आईने मंदिरात पक्ष्यांचा जोड अर्पण केला असे लूकच्या शुभवर्तमानात आहे. कोकरू घेण्याची त्या घरची ऐपत नव्हती, एवढे त्यावरून कळते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. एखाद्याने शेजाऱ्याला लुबाडले, ठेव बुडविली किंवा खोटी शपथ वाहिली, तर त्याने आधी मूळ वस्तू मालकाला परत करावी, वर तिचा पाचवा हिस्सा भरावा आणि मग मेंढा घेऊन याजकाकडे जावे. म्हणजे आधी ज्याचे त्याला आणि मग देवाचे देवाला. वर्षातून एकदा प्रायश्चित्ताचा महादिन येई. त्या दिवशी दोन बकरे आणले जात. एकाचा बळी दिला जाई. दुसऱ्याच्या डोक्यावर महायाजक दोन्ही हात ठेवून साऱ्या लोकांची पापे कबूल करी आणि तो बकरा रानात सोडून दिला जाई. परंतु या महादिनाविषयी यहुदी धर्मशास्त्र्यांनी पुढे एक स्पष्ट निर्णय नोंदवून ठेवला आहे. देवाविरुद्ध केलेल्या पापांचे प्रायश्चित्त त्या दिवशी होते. शेजाऱ्याविरुद्ध केलेल्या पापांचे मात्र त्या शेजाऱ्याची समजूत घातल्यावाचून होत नाही. आमच्या सहकाऱ्याचा प्रश्न किती जुना होता, हे हा निर्णय वाचला तेव्हा मला कळले.

लोक हा क्रम विसरत होते हेही खरे. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात तकोवा गावचा आमोस नावाचा गुराखी उभा राहिला आणि ज्यांनी गरिबाला पायतणाच्या जोडासाठी विकले त्यांचे बळी देवाला नकोत, असे त्याने भर उत्सवाच्या गर्दीला सुनावले. मंदिर चालू असताना, भटजी-पुजारी जागेवर असताना हे बोलायला छाती लागते.

आता पाप आणि कर्ज यांच्या नात्याकडे येऊ. येशूची बोली अरामी होती आणि तीत 'होबा' या एकाच शब्दाचे कर्ज आणि पाप असे दोन अर्थ होतात. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकविली, तीत म्हणूनच ऋण सोडण्याची भाषा आहे. आपल्या मराठी बायबलातही त्या जागी ऋण हाच शब्द आहे. नव्या करारात क्षमेसाठी 'आफेसिस' हा ग्रीक शब्द येतो. त्याचा मूळ अर्थ सोडणे किंवा मोकळे करणे असा असून, त्याच्या आधीच्या ग्रीक बायबलात तोच शब्द गुलामांच्या सुटकेला आणि कर्जमाफीला लावलेला आहे. दर सातव्या वर्षी कर्ज सोडावे आणि दर पन्नासाव्या वर्षी गहाण गेलेली जमीन मूळ घराण्याकडे परतावी, गुलाम झालेला देशबंधू घरी जावा, असा कायदा मोशेच्या नावावर नोंदलेला आहे. आणि त्या पन्नासाव्या वर्षाचे शिंग फुंकायचे ते नेमके प्रायश्चित्ताच्या महादिनी! पापाची सुटका आणि कर्जाची सुटका एकाच दिवशी जाहीर होते. ज्याने ही जोडी जमविली त्याला माणसाच्या संसाराची चांगली माहिती असली पाहिजे.

कायदा असला की पळवाटही आलीच. सातवे वर्ष जवळ आले की सावकार हात आखडता घेत. गरिबाला कर्जच मिळेनासे होई. तेव्हा ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकाच्या अखेरीस हिल्लेल या मोठ्या धर्मशास्त्र्याने एक तोड काढली. कर्जाचा कागद न्यायसभेच्या स्वाधीन करायचा, म्हणजे सातव्या वर्षी ते कर्ज बुडत नाही. हिल्लेलचा हेतू गरिबाचे भले करण्याचाच होता. पण परिणाम असा झाला की सुटकेचे वर्ष बरेचसे कागदावरच राहिले.

अशा काळात येशूने सांगितलेली एक गोष्ट मत्तयाने दिली आहे. एका चाकरावर राजाचे दहा हजार तालांत कर्ज होते. राजाने ते सगळे सोडले. बाहेर पडताच त्या चाकराने शंभर दिनारांसाठी आपल्या सोबत्याचा गळा धरला. धर्मपंडित या गोष्टीचे अनेक अर्थ सांगतात. मी कागद-पेन्सिल घेऊन हिशेब केला. दिनार म्हणजे मजुराचा एका दिवसाचा रोज. तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दिनार. तेव्हा दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांचा रोज! वर्षाला तीनशे दिवस काम धरले तर एका मजुराला ते फेडायला दोन लाख वर्षे लागतील. ऐकणारे मजूर तो आकडा ऐकून हसले असतील असे मला वाटते. शंभर दिवसांचा रोज मात्र कोणालाही कळतो. आपल्याला जे सुटले ते मोजता येत नाही आणि आपण जे वसूल करायला निघालो ते मोजता येते, असा त्या गोष्टीचा नेम आहे.

येशूला रोमन सुभेदार पिलात याच्या अमलात, इ.स. ३०च्या सुमारास, क्रुसावर चढविले. क्रूस हा आज दागिना झाला आहे, म्हणून एक आठवण देतो. रोमन राज्यात ही शिक्षा मुख्यतः गुलाम आणि बंडखोर यांच्यासाठी होती. ख्रिस्तपूर्व ७१ मध्ये स्पार्टाकसचे गुलामांचे बंड मोडल्यावर क्रासस या धनाढ्य सेनापतीने कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर सहा हजार गुलाम क्रुसावर टांगले होते. अशा मरणाला यज्ञ म्हणणे, हे त्या काळी ऐकणाऱ्याला किती विपरीत वाटले असेल!

पुढे इ.स. ७० मध्ये तीतसच्या सैन्याने जेरुसलेमचे मंदिर जाळले आणि बळी देण्याची जागाच उरली नाही. यहुदी परंपरेत अशी कथा आहे की, ते भग्न मंदिर पाहून एक शिष्य रडू लागला, तेव्हा योहानान बेन झक्काई यांनी त्याला समजाविले की दयेची कृत्ये हे आपले तितकेच मोलाचे प्रायश्चित्त आहे. ख्रिस्ती मंडळी दुसऱ्या वाटेने गेली. 'इब्री लोकांस पत्र' या लेखनात असा विचार मांडला आहे की येशू स्वतःच महायाजक आणि स्वतःच बळी. हा यज्ञ एकदाच झाला, तो पुन्हा करावा लागत नाही. या विचाराचा एक परिणाम असा की, दुसऱ्याचा जीव घेऊन आपले पाप धुण्याचा मार्ग बंद झाला.

पण मग ही किंमत कोणी कोणाला दिली? हा प्रश्न ख्रिस्ती विचारवंतांना हजार वर्षे छळीत राहिला. तिसऱ्या शतकातील ओरिगेन आणि चौथ्या शतकातील नीसाचा ग्रेगरी यांनी असे मांडले की माणूस सैतानाच्या ताब्यात गेला होता आणि ख्रिस्त ही त्याच्या सुटकेची किंमत होती. नाझियांझचा ग्रेगरी म्हणाला, चोराला किंमत मोजायची ही कल्पनाच लाजिरवाणी आहे. १०९८ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप अन्सेल्म यांनी नवा विचार पुरा केला. देवाचा मान माणसाने राखला नाही, ती भरपाई माणसाने करायला हवी. पण तेवढी ऐपत देवाखेरीज कोणाची नाही. म्हणून देव माणूस झाला. सरंजामी काळातील वतनदारांच्या जगात वाढलेल्या माणसाला मानाची ही भाषा सहज सुचली असणार. त्यांच्यानंतरच्या पिढीतील आबेलार याने वेगळा सूर लावला. देवाला रक्त हवे होते हे त्याला पटेना. त्या मरणात दिसलेले प्रेम माणसाचे मन पालटते, हाच त्याच्या मते त्याचा खरा अर्थ. या तिन्ही विचारांत खंडणी, भरपाई आणि प्रेम हे तीन शब्द आहेत. आमच्या बैठकीतही जवळपास हेच तीन पक्ष पडले होते.

पंडितांचे वाद चालू असताना व्यवहार आपल्या चालीने चालला होता. पापाची क्षमा झाली तरी त्याची ऐहिक शिक्षा भोगावी लागते आणि ती शिक्षा चर्च कमी करू शकते, असे मत रूढ झाले. १०९५ मध्ये पोप दुसरे अर्बन यांनी जेरुसलेमच्या मोहिमेवर जाणाऱ्यांना अशी सूट जाहीर केली. १३४३ मध्ये पोप सहावे क्लेमेंट यांनी ख्रिस्ताच्या व संतांच्या पुण्याचा एक खजिना चर्चच्या हाती आहे असे सांगितले. १४७६ मध्ये मेलेल्या माणसांसाठीही सूट मिळू लागली. न्यायाने हे सांगितले पाहिजे की, मनापासून पश्चात्ताप आणि पापकबुली यांवाचून या क्षमापत्रांचा उपयोग नाही, अशीच चर्चची अधिकृत शिकवण होती. परंतु बाजारात शिकवण विकली जात नाही, कागद विकला जातो.

१५१४ मध्ये आल्ब्रेख्ट नावाचा चोवीस वर्षांचा सरदारपुत्र जर्मनीत माइन्झचा आर्चबिशप झाला. त्या पदासाठी रोमला द्यावयाची रक्कम त्याने आउग्सबुर्गच्या फुग्गर पेढीकडून कर्जाऊ घेतली. कर्ज फेडायचे कसे? रोममध्ये संत पीटरचे मंदिर बांधण्यासाठी क्षमापत्रे विकायची. निम्मा पैसा रोमला, निम्मा फुग्गरच्या कर्जात. पेटीबरोबर पेढीचे गुमास्ते फिरत. दरपत्रकही ठरले होते. राजे आणि बिशप यांना पंचवीस गुल्डन, त्याखालच्यांना उतरत्या भाजणीने कमी, आणि ज्याच्याजवळ काहीच नाही त्याने उपास व प्रार्थना कराव्यात. आपण म्हणाल, लेवीय ग्रंथातही ऐपतीप्रमाणे दर होतेच. खरे आहे. फरक एवढाच की, लेवीय ग्रंथात याजकाच्या आधी लुबाडलेल्या शेजाऱ्याचे नाव येते, आणि या दरपत्रकात शेजाऱ्याचे नाव कोठेच नाही. देणेकरी आहे, पेढी आहे, मंदिर आहे. ज्याचे नुकसान झाले तो माणूस मात्र वहीतून पुसला गेला आहे.

३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन ल्यूथर याने आपली ९५ विधाने खुद्द आल्ब्रेख्टकडे पाठविली. गरिबाला देणे किंवा अडलेल्याला उसने देणे हे क्षमापत्र विकत घेण्याहून चांगले, असे त्यांत एका ठिकाणी आहे. पोप क्राससपेक्षाही श्रीमंत असताना मंदिर स्वतःच्या पैशाने का बांधत नाहीत, असे लोक विचारतात, हेही त्याने नोंदवले आहे. हाच तो सहा हजार गुलाम टांगणारा क्रासस. पुढे १५६७ मध्ये पोप पाचवे पायस यांनी पैसे घेऊन दिली जाणारी सारी क्षमापत्रे रद्द केली. म्हणजे चूक सुधारली गेली. पण त्याला पन्नास वर्षे लागली आणि तोवर चर्च दुभंगले होते.

माझे मन मात्र ल्यूथरपेक्षा मेमिंगेन या गावी अधिक रमते. १५२५च्या वसंत ऋतूत दक्षिण जर्मनीतील शेतकऱ्यांनी तेथे आपल्या मागण्यांची बारा कलमे लिहून काढली. ती लिहिण्याचा मान सेबास्टियान लोट्झर या कातडी-लोकरीच्या कारागिराकडे जातो. त्यातील तिसरे कलम वेठबिगारीविरुद्ध आहे, आणि त्याचा युक्तिवाद काय? ख्रिस्ताने आपले रक्त सांडून धनगरापासून थोरामोठ्यांपर्यंत सर्वांना सारखेच विकत घेऊन मोकळे केले आहे. मग कोणी कोणाचा दास कसा राहील? पंडित हजार वर्षे किंमत कोणाला दिली यावर भांडत होते. या कारागिराने विचारले, किंमत भरली असेल तर आमच्या पायात बेडी का? आजवर मी अनेक मागणीपत्रे लिहिली, पण एवढे सरळ कलम मला साधले नाही.

त्या शेतकऱ्यांचे काय झाले? ल्यूथरनेच त्यांच्याविरुद्ध अत्यंत कठोर पुस्तिका लिहिली आणि सरदारांच्या फौजांनी ते बंड चिरडले. मेलेल्यांचा अंदाज एक लाखापर्यंत जातो. क्षमेचा बाजार बंद करणारा माणूस दासांच्या सुटकेच्या वेळी दुसऱ्या बाजूला उभा राहिला. मोठ्या माणसाची ही चूक आपण झाकू नये, आणि तिच्यामुळे त्याचे मोठेपण नाकारूही नये.

हा विचार आपल्या भाषेत फार लवकर आला. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात उतरले आणि १६१६ मध्ये त्यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' साष्टीतील रायतूर येथे छापले गेले. परदेशी माणसाने आपल्या ओवीवर इतके प्रेम करावे याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्याच गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय चालू होते आणि साष्टीतील देवळे पाडली गेली होती, हेही विसरता येत नाही. क्षमेचा उपदेश आणि सक्तीचा दंड एकाच गावात नांदत होते. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये चर्चच्या लेकरांकडून सत्याच्या नावाखाली झालेल्या अन्यायांबद्दल जाहीरपणे देवाजवळ क्षमा मागितली. मराठी बायबलात येशूच्या मरणाला 'खंडणी' असाही शब्द आला आहे. आजच्या वर्तमानपत्रात खंडणी घेणाऱ्याचे नाव येते. त्या ग्रंथात ती देणाऱ्याचे येते. एकाच शब्दाची ही दोन टोके आहेत.

अगदी अलीकडचा दाखला दक्षिण आफ्रिकेचा. १९९६ मध्ये आर्चबिशप डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि समेट आयोगाने काम सुरू केले. जो आपले राजकीय गुन्हे पुरते उघड करील त्याला माफी, असा नियम होता. असंख्य मातांनी आपल्या मुलांच्या मारेकऱ्यांची कबुली समोर बसून ऐकली. रक्तपात टळला, ही लहान गोष्ट नव्हे. पण ज्याला माफी मिळाली त्याच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावता येईना, आणि सरकारने २००३ मध्ये पीडितांना एकदाच ३० हजार रँड देऊ केले, ते आयोगाने सुचविलेल्या रकमेपेक्षा कितीतरी कमी होते. क्षमा वेळेवर झाली आणि भरपाई मागे राहिली. लेवीय ग्रंथाचा क्रम पुन्हा उलटा झाला.

एवढे सगळे वाचून मला काय कळले? बलिदान म्हणजे दुसऱ्याच्या खर्चाने आपली सुटका नव्हे. क्षमा विकत मिळत नाही. पण ती फुकटही नसते, तिची किंमत कोणीतरी सोसलेली असते. आणि ज्याचे नुकसान झाले त्याला वगळून केलेली क्षमा ही नुसती विस्मृती होय.

आता आमच्या बैठकीचे सांगतो. आम्ही दंड घेतला नाही आणि सोडूनही दिले नाही. त्याला सांगितले, आधी त्या माणसाच्या घरी जा. पहिल्या वेळी दार उघडले गेले नाही, दुसऱ्या वेळीही नाही. तिसऱ्या खेपेला घरच्या बाईने पाणी दिले. त्यानंतर त्याने कामगार न्यायालयात जाऊन आपली आधीची साक्ष खोटी होती असे शपथेवर सांगितले. त्याची नोकरी त्या पायी गेली. दुसऱ्याला मात्र काही वर्षांची थकबाकी मिळाली.

त्या दोघांची पुढे मैत्री झाली असे मी सांगणार नाही, कारण तसे झाले नाही. पण संघटनेच्या वार्षिक सभेला ते दोघे एकाच सतरंजीवर बसलेले मी पाहिले. आमचे वयस्कर सहकारी तेव्हा हयात होते. त्यांनीही ते पाहिले आणि नेहमीप्रमाणे ते काही बोलले नाहीत.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. आणि हे ऋण सोडावे अशी मात्र माझी विनंती नाही.